शेवटच्या पानाच्या तळाशी

प्रिय तुकिरान,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिला एवढंच सांग, दादा समुद्रापलीकडे देलीच्या मळ्यात तंबाखूची पानं सुकवतोय. तेवढं तरी खरं आहे.

सेमारांग शहरातल्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. वाचायलाही तिथंच शिकलो, उलट्या अक्षरांवरून, म्हणून अजून हे असं वेडंवाकडं लिहितो. साखर कारखान्यानं आपल्या शेताचं पाणी वळवलं तेव्हा बाबा गप्प बसले. आमचे संपादक पाक हार्जो (सगळे त्यांना आदरानं पाक म्हणत) यांनी मात्र कारखान्याच्या डच साहेबाला पहिल्या पानावर पाणीचोर म्हटलं. ते पान मीच जुळवलं. त्या दिवशी त्यांनी जीव मागितला असता तरी दिला असता. त्यांनी नाव मागितलं.

"विशेष काही नाही रे. शेवटच्या पानावर, तळाला, जबाबदार संपादक म्हणून तुझं नाव टाकू. खटला झाला तर तू फक्त हो म्हणायचं. लेखणी तुरुंगाबाहेर राहायला हवी ना?" सगळ्या वर्तमानपत्रांत असंच चालायचं. बाकीचे जुळारी फिदीफिदी हसले, "संपादकसाहेब, आता कमरेच्या सारोंगला इस्त्री तरी करा!"

अकरा महिने रोज नाव छापलं. मग न्यायाधीशानं विचारलं, "हे तू लिहिलंस?" मी हो म्हटलं. चौदा महिने आत होतो. तुम्हाला मात्र कळवलं, संपादक झालो, यायला सवड नाही.

सुटलो तोवर हार्जो राजधानीत, बटाव्हियाच्या सरकारी कौन्सिलात बसले होते. शिक्षा झालेल्याला तिथं बसता येत नाही. त्यांची पाटी कोरी. मला कुणी कामावर घेईना, म्हणून इकडच्या मजुरीच्या करारावर सही केली. तरी वाटायचं, आपल्या पाण्याचं ते बोलतील.

गेल्या महिन्यात ते साहेबांबरोबर मळा बघायला आले. आम्हाला रांगेत उभं केलं होतं. माझ्यापुढे थांबून म्हणाले, "नाव काय रे तुझं?" मी सांगितलं. "छान, छान." मी विचारलं, "पाक, आमच्या गावच्या पाण्याचं काय झालं?" "त्याचा अभ्यास चालू आहे," म्हणाले आणि पुढे सरकले.

परवा बाजारातून सुकी मासळी आणली. ती त्यांच्याच पेपरात बांधलेली, पाच आठवड्यांपूर्वीच्या. पहिल्या पानावर कारखान्याला शिव्या. भाषा हार्जोंचीच, मी ती लगेच ओळखतो. सवयीनं पान उलटून तळाची ओळ बघितली. तिथं तुझं नाव होतं. संपादक झालो या माझ्या थापेनं तुला तिथं नेलं, तुकिरान. अजून खटला उभा राहिला नसेल, तर हो म्हणू नकोस. सांग, मी लिहिलं नाही. कुणी लिहिलं तेही सांग. पण पाच आठवडे म्हणजे फार झाले रे. म्हणून हेच पत्र दोनदा लिहिलंय, एक घरच्या पत्त्यावर, एक सेमारांगच्या तुरुंगाच्या. तो पत्ता मला पाठ आहे.

तुझाच दादा,
वागिमान