तिकिटाला इस्त्री

तीर्थरूप मामांना भाचेजावयाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी चार-पाच अंगंच टेकली आहेत, उरलेली आपण समजून घ्यावीत.) आपली नवी कवळी आता नीट बसली असेल अशी आशा आहे. मागच्या खेपेला ती बोलताना पुढे सरकत होती, आणि आपण रागावलात की आधी कवळी झेलावी की राग, हे समोरच्याला कळत नव्हतं. मामींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. आपली भाची तर जरा जास्तच खुशाल आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

आम्हाला लॉटरी लागल्याचं आपल्या कानावर गेलंच असेल, आणि तिथवर जाता जाता रकमेला दोन-चार शून्यंही चिकटली असतील. म्हणून म्हटलं, खरं काय ते मीच लिहावं. शेठच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने मी अर्धं आयुष्य काढलं हे आपण जाणताच. (आपली भाची तिथेच बटणं लावायची. आमचं जमलं तेही एका कोटाच्या हरवलेल्या बटणावरून, पण आपण तेव्हा विरोधात होतात, तेव्हा तो विषय नको.) लोकांच्या कॉलरी ताठ करता करता आपली मान वाकावी, असा हा धंदा. आठवड्याला एक तिकीट, एवढंच माझं व्यसन. कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याला सगळे लक्षाधीश म्हणतात, कारण तो रोज लाखांच्या गोष्टी करतो आणि स्वतःची चप्पल तारेने बांधून वापरतो. माझ्या न लागलेल्या तिकिटांवर स्वतःच्या मुलीचं शिक्षण झालं असं तो चारचौघांत सांगतो. ती मुलगीही मला बघून काका म्हणते, त्यामुळे पैसे अगदीच पाण्यात गेले असं म्हणवत नाही.

तर या खेपेला आमच्या घरात आलेल्या तिकिटाला बक्षीस लागलं. बंगला बांधावा एवढं नव्हे, पण वापरलेली वाफेची इस्त्री विकत घ्यावी आणि घड्याळवाल्याने सोडलेल्या कोपऱ्यावरच्या गाळ्याची अनामत भरावी, एवढं नक्की. मामा, खरं सांगतो, दुसऱ्याच्या दुकानात वर्षानुवर्षं उभं राहिलं की माणसाला एकच इच्छा उरते, की सकाळी एकदा तरी कुलूप आपल्या हाताने उघडावं. त्याच आनंदात मी शेठकडे गेलो आणि नोकरी सोडली. नुसती सोडली असती तर ठीक होतं, पण मी भाषण केलं. त्यात त्यांच्या गळक्या बॉयलरपासून त्यांच्या आजोबांच्या कंजूषपणापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला, आणि तुमच्या कॉलरी आता तुम्हीच ताठ करा, असा शेवट झाला. शेठ शांतपणे ऐकत होते. मला दारापर्यंत सोडायला आले, आणि मी पायऱ्या उतरतो न उतरतो तोच त्यांनी 'कारागीर पाहिजे'ची पाटी टांगली.

घरी येतो तर आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अभिनंदनाला येऊन बसलेले. हे लोकांचे कराचे कागद भरून देतात, म्हणून गल्लीत त्यांचं नाव वजाबाकी. चहा संपेपर्यंत त्यांनी बक्षिसातला जवळजवळ तिसरा हिस्सा संपवला. म्हणे लॉटरीच्या रकमेवरचा कर आपल्या हातात काही पडण्याआधीच कापला जातो. मी म्हटलं, आजवर इतकी तिकिटं वाया गेली, ती यातून वजा करा. तर म्हणे, तेवढी एक वजाबाकी कायद्यात नाही. आता आपणच न्याय करा. हरताना मी एकटा, आणि जिंकल्याबरोबर सरकार भागीदार! न बोलावता जेवायला येणारे पाहुणे मी पाहिलेत, पण ते निदान ताटं उचलू लागतात.

यानंतर जे घडलं ते निव्वळ कारागिरीच्या अभिमानापायी घडलं, हे आपण ध्यानात घ्यावं. दुसऱ्या दिवशी तिकीट घेऊन कचेरीत जायला निघालो. ते पाहिलं तर चार घड्या पडलेल्या, एक कोपरा दुमडलेला. सुरकुती दिसली की ज्याचे हात शिवशिवतात, असा माणूस सरकारदरबारी चुरगळलेला कागद कसा नेणार? मी तिकिटावर मलमलचं फडकं घातलं, इस्त्री रेशमाच्या तापावर आणली (पाणी मारलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती) आणि एकच हात फिरवला. फडकं उचलून बघतो तर तिकीट तव्यासारखं काळं. मला वाटलं इस्त्रीचा तळ मळका असेल. म्हणून तो मिठावर घासून लखलखीत केला आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा फिरवला. तेव्हा उरलेला एक पांढरा कोपराही गेला. घडी मात्र एकही राहिली नव्हती. नुसतं काम म्हणून पाहिलंत तर चोख होतं.

धावत लक्षाधीशाकडे गेलो. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला की या तिकिटाला शाई नसतेच, यंत्र कागद तापवून त्यावर आकडे उमटवतं, आणि मी तो अख्खाच तापवला होता. मी तिथेच फुटपाथवर बसलो. नोकरी गेली, तिकीट गेलं, आणि गाळेवाला संध्याकाळपर्यंत थांबणार होता. पण गल्लीत एकालाही माझं दुःख पटेना. सगळ्यांचं एकमत, की पठ्ठ्याने कर चुकवायला मुद्दाम तिकीट काळं केलं. दूधवाला डोळा मारून गेला. खुद्द वजाबाकी जिना उतरून आले आणि ही युक्ती नेमकी कोणत्या कलमात बसते, असं हळूच विचारू लागले. आपल्या भाचीने मात्र साडी बदलली, ते काळं तिकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि चला म्हणाली.

कचेरीत खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी तिकीट पाहिलं, मग मला पाहिलं आणि चष्मा पुसला. मी कापडाच्या जाती आणि इस्त्रीचे ताप यांपासून सुरुवात केली होती, तेवढ्यात आपल्या भाचीने मला बाजूला केलं आणि तिकीट उलटं करून काचेखाली सरकवलं. पाठीमागे कागदावर कारखान्यातच छापलेला एक आकडा असतो. तो शाईचा, त्यामुळे काळ्यातही तिरपं धरलं की दिसत होता. (तो तिला बटणाचं भोक शोधणाऱ्या डोळ्यांनी रस्त्यातच दिसला होता. मला सांगितलं का नाही, हे मी विचारलेलं नाही.) बाईंनी तो यंत्रात घातला, आतल्या साहेबांना दाखवला, बऱ्याच सह्या झाल्या आणि कर कापून पैसे मंजूर झाले. जाता जाता मी न लागलेल्या तिकिटांचं पुडकं पिशवीतून काढलं आणि याचं काही परत मिळतं का म्हणून विचारलं. त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "काका, ही जिंकल्याची खिडकी. हरल्याची खिडकी अजून कुणी बांधलेली नाही."

असो. गाळा मिळाला आहे. वाफेची इस्त्री आली आहे, आणि ती अशी फुसफुसते की शेठचा बॉयलर तिच्यापुढे म्हातारा वाटावा. पाटी रंगवून झाली, कपडेही येऊ लागले. गल्लीतून जाताना लोक मान देतात आणि मी तो घेतो. मामींना नमस्कार, लहानथोरांना यथायोग्य. मोठ्यांनी चुकलंमाकलं पोटात घालावं, कारण आमच्या पोटात आता जागा उरलेली नाही.

आपला आज्ञाधारक,
भाचेजावई

ता. क. वर मी 'आम्हाला लॉटरी लागली' असं लिहिलं आहे. व्याकरणाने ते बरोबर आहे. तिकीट आपल्या भाचीने घेतलं होतं. आयुष्यातलं पहिलंच, आणि तेही ती माझी उधारी चुकती करायला गेली तेव्हा लक्षाधीशाने सुटे नाहीत म्हणून तिच्या गळ्यात मारलेलं.

दुसरा ता. क. तेव्हा ओघानेच गाळा तिचा, इस्त्री तिची आणि किल्लीही तिच्याच कमरेला. ती सध्या इस्त्रीसाठी माणूस बघते आहे. काल एक जण आला होता, तो कॉलरीआधी बाही घेतो. मी पायरीवर बसून हे सगळं बघतो. शेठकडची जागा भरली. आपला शब्द ती खाली पडू देत नाही, म्हणून विनंती की 'इसम अनुभवी, कष्टाळू व हाताचा हलका' एवढ्या दोन ओळी तिला लिहाव्यात. मी स्वतः विचारलं असतं, पण इतकी वर्षं नवरा म्हणून काढल्यावर उमेदवार म्हणून उभं राहणं जड जातं. हे पत्र तिला कळू देऊ नये.

तिसरा ता. क. मामा, नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. शिफारस पाठवू नका. इस्त्रीचं टेबल मी सुताराकडून यांच्याच कमरेच्या मापाने करून घेतलं आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला टेबल जमणार नाही म्हणून परत पाठवते आहे. हात यांच्यासारखा दुसऱ्या कुणाचा नाही, हे मला तुमच्याकडून कळायला नको. यांनी शेठला भाषण दिलं, सगळ्या गल्लीला गोष्ट सांगितली, आता तुम्हालाही पानंच्या पानं लिहिली, पण एका घरात राहून मला अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. तुम्ही उत्तरात यांना एवढंच लिहा, की घरातच विचारा. आणि जरा लवकर लिहा, कपडे साठत चालले आहेत.