पहिल्या पंगतीतली पोळी

अहो आई, यंदाच्या होळीला मी पहिल्या पंगतीला बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "इतका उशीर कशाला केलास?" तुमची सून आता सदुसष्ट वर्षांची आहे आणि जिना चढताना दम खायला प्रत्येक मजल्यावर शेजारणींच्या कुंड्या बघत उभी राहते.

खूप वर्षांपूर्वीची ती होळी मला लख्ख आठवते. मी पुरणपोळ्या लाटतेय, तुम्ही भाजताय, बाहेर पुरुषमंडळी जेवायला बसलीयेत. आपण दोघी नेहमी शेवटी जेवायचो, उरलेल्या गार पोळ्या. त्या वर्षी तुम्ही मध्येच उलथनं ठेवलंत, हात धुतलेत आणि जाऊन बाबांच्या शेजारी पाट मांडून बसलात. बाबा म्हणाले, "अगं, हे काय?" तुम्ही म्हणालात, "म्हातारी झाले. त्याचा काही फायदा नको का? वाढ गं सूनबाई, तव्यावरची." इतका राग आला होता मला. घरच्या बाईनं सगळ्यांच्या आधी जेवायचं नसतं, हे तुम्हीच तर शिकवलं होतंत. पुढे तुम्ही दुपारभर गॅलरीत मंडईतले मटार सोलत, येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारत मजेत बसायचात, आणि मी आतून म्हणायचे, ह्यांचं बरं आहे.

यंदा माझी मनगटं दुखत होती. मी कुणाला सांगितलं नाही. माझी सून म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी लाटते." मी म्हटलं, "तुझ्या फुटतात." तेवढ्यात लाटणं माझ्याच हातून निसटलं आणि पोळी फाटून पुरण ओट्यावर आलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. लाटणं सोडलं की या घरात माझं काय काम उरलं? मग तुम्ही आठवलात, उलथनं ठेवून हात धुणाऱ्या. मी हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले.

चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या, पण तव्यावरून थेट पानात आलेली, तूप सोडताच आत जिरणारी पोळी पहिल्यांदा खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. नातीनं विचारलं तर म्हटलं, जायफळ नाकात गेलं. आई, मला म्हातारपण आवडायला लागलंय. ते कसं घ्यायचं हे तुम्ही माझ्यासमोर करून दाखवलंत आणि मी तुमच्यावर रुसून बसले होते. फार उपकार आहेत तुमचे.

हे पत्र टाकणार कुठे? हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र कबूल करते. त्या होळीला तुमच्या पानात मी मुद्दाम फुटकी, करपलेली पोळी वाढली होती. तुम्ही ती निमूट खाल्लीत आणि म्हणालात, "छान झालीय, अजून एक आण."

यंदा बाकीच्यांच्या पानांत अख्ख्या असताना सूनबाईनं मलाही फुटकीच वाढली, मुद्दाम. मीही अजून एक मागितली.