सात्यांचा पहिला घास

७ सप्टेंबर
आज सासुरवाडीला, नवेगाव बांध इथे, माझ्या ज्ञानाचा जाहीर अपमान झाला. तलावाच्या काठावरून पिशवीभर रानमशरूम आणले. मोबाइलच्या ॲपने सांगितलं, ९१ टक्के खाण्यायोग्य. सासूबाईंनी काडीने उलटून पाहिले आणि सरळ उकिरड्यावर फेकले. मेहुणा ओमेश म्हणाला, जिजाजी, कोंबडीबी तोंड लावून नाई राहिली. कोंबडी काय शास्त्रज्ञ आहे?

फुलचूरला अख्खा कॉम्प्युटर क्लास मी चालवतो. यांना ९१ टक्क्यांची किंमत नाही. ओमेशला दहावीला याच्या निम्मे नव्हते.

संकल्प: याच महिन्यात या लोकांना मी शोधून आणलेल्या सात्या खायला लावणार. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारे रानमशरूम. त्यांच्यापुढे इकडे कोणी मटणाकडे बघत नाही.

१० सप्टेंबर
अभ्यास जोरात. मशरूमची छत्री पांढऱ्या कागदावर ठेवून वर वाटी झाकली. रात्रभरात कागदावर ठसा उमटतो, त्याच्या रंगावरून जात कळते. सकाळी अलकाने ती वाटी दह्यावर झाकायला नेली आणि छत्री कचऱ्यात टाकली. बायकोच शास्त्राच्या मुळावर उठली तर दोष कोणाला द्यायचा? अलकालाच दिला. तिने डबा दिला नाही.

१४ सप्टेंबर, दुपारी
पुन्हा नवेगाव. जंगलात एका छत्रीला ॲप आधी पाव म्हणालं, मग गोगलगाय. रेंजचा दोष. रिकाम्या हाताने परतलो तर ओमेश दारातच दात काढत उभा. सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, माझ्या सात्या खाल्ल्याशिवाय मी या घरच्या अन्नाला शिवणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चहा घेतला. चहा म्हणजे अन्न नव्हे. पोहे थोडेच होते.

२१ सप्टेंबर, सकाळी
सापडल्या. धानाच्या बांधीमागच्या वारुळावर. टोकदार डोकं, वारुळात खोल गेलेला देठ, सगळ्या खुणा जुळल्या. सासूबाईंनी एकेक उलटून पाहिली, काही न बोलता धुतल्या आणि कांदा-तिखट घालून चुलीवर चढवल्या. बोलणार काय? ओमेशला आज सगळ्यांदेखत माफी मागायला लावणार.

२१ सप्टेंबर, दुपारी
डोकं फिरलंय. सासूबाईंनी पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, आमच्याकडं जो आनते तोच पयला घास खाते, जवाईबापू. ही असली रीत आधी सांगायला काय झालं होतं?

सहज ॲप पाहिलं. ९१ टक्के. कोंबडीने नाकारले तेव्हाही ९१ च होते. उरलेले नऊ टक्के ताटात नेमके कुठे आहेत, हे कोण सांगणार? मी म्हटलं, ॲसिडिटी आहे. ओमेश फिसकन हसला. अलका त्याच्यावर चिडली. म्हणाली, कायले हसून राहिला रे, यायनं आनल्या ना, मग मी खाते. आणि तिने घास उचलला.

माझा हात कधी उठला ते कळलंच नाही. घास भिंतीवर, ताट पालथं. सासूबाईंनी विचारलं, तुमीच आनल्या ना जी?

अस्सल सात्या होत्या म्हणे. खराब असत्या तर मी चुलीवर कायले चढवल्या असत्या, हेही त्याच म्हणाल्या, पण वरण-भात वाढताना. मला वाढलेला. ओमेशने कढईत भात कालवून ती पार पुसून खाल्ली. माफी मागायचं त्याच्या मनातही आलं नाही.

२२ सप्टेंबर
ओळख अचूक होती. म्हणजे तत्त्वतः मी जिंकलो. हे एकाच्याही तोंडून निघत नाही, याचा भयंकर संताप येतोय. ॲप काढून टाकलं.

अलका डबा भरत होती, तिला सहज विचारलं, चवीला कशा होत्या? म्हणाली, मले काय मालूम. तुमी खाऊ नाई देल्या, मंग मीबी नाई खाल्ल्या.

आता कुणावर चिडायचं, ते ठरेना. क्लासला उशिरा पोचलो.