ब्लॉक ४७ खालच्या सुट्या खुर्च्या

प्रति,
मा. वसाहत व्यवस्थापक,
तंजुंग केलादी वसाहत कार्यालय, सिंगापूर.

विषय: इमारतीखाली तीन दिवस सुट्या खुर्च्या मांडण्याच्या परवानगीबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवर आलेली आपली आभारपत्रे.

महोदय,

१. मी निवृत्त क्रेनचालक, ब्लॉक ४७ चा रहिवासी. लोकांनी टाकलेल्या खुर्च्या गोळा करून आम्ही म्हातारे इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर बसत असू. विद्यापीठाच्या ओलिवेरोबाई 'शहरातला शेजार' या संशोधनासाठी वर्षभर आमच्यात बसल्या. बाई गुणी, कॉफी स्वतः पाजत. या खुर्च्या म्हणजे वसाहतीचा जीव आहे, त्या जपाव्यात, असे त्यांनी अहवालात लिहिले.

२. आपण तो अहवाल मनावर घेतलात, तिथेच आमचे नशीब फुटले. जुन्या खुर्च्या भंगारात गेल्या आणि नव्या चकचकीत खुर्च्या ऐसपैस अंतर ठेवून बोल्टने जमिनीत पक्क्या झाल्या.

३. माझे मित्र ओथमान यांना फक्त उजव्या कानाने, तेही थोडेच ऐकू येते. मी खुर्ची ओढून त्या कानाशी नेत असे. आता ओढू काय, कपाळ? घरची खुर्ची आणली, ती 'अडथळा' म्हणून जप्त झाली. त्यांच्या घरी जावे, तर सुनेचे ऑफिस घरातच चालते. "सगळ्या इमारतीला ऐकवत बसण्यापेक्षा मी वरच बरा," असे म्हणून ओथमान वर गेले, ते गेलेच. ओलिवेरोबाई हल्ली 'वसाहतीतला एकटेपणा' हा नवा विषय घेऊन दारे वाजवत फिरतात.

४. गेल्या महिन्यात शेजारच्या चियाबाई वारल्या. आपल्याच परवान्याने अंत्यविधीसाठी तीन दिवस खाली मांडव उभा राहिला, भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. ओथमान खाली उतरले. मी खुर्ची ओढली. तीन दिवस आम्ही बोललो, हसलोसुद्धा. चियाबाईंच्या मुलांनी रागावून पाहिले नाही, हे त्यांचे उपकार. मग खुर्च्या गेल्या.

५. आपल्या कार्यालयात चौकशी केली. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, सुट्या खुर्च्या फक्त मयतीला."

६. सबब विनंती, की माझ्या अंत्यविधीची तीन दिवसांची परवानगी मला आताच द्यावी. माझ्या माघारी कोणीही ती पुन्हा मागणार नाही, असे लिहून देतो. मेल्यावर मला खुर्ची ओढता येणार नाही. ओथमान यांचा उजवा कानही आता जात चालला आहे, तरी विलंब करू नये.

उत्तराची फारशी आशा नसलेला,
आपला नम्र,
क्वेक बून टेक
दि. ९ ऑक्टोबर

सोबत:
१) ओळखपत्राची प्रत.
२) मृत्यूचा दाखला (मिळताच सादर करण्यात येईल).