सेनापतीचा भाला आणि संत्र्याची पेटी

शुक्रवार, १२ डिसेंबर

उद्या सकाळी पुण्याची गाडी, परवा टेबलावरच्या युद्धखेळाची स्पर्धा, आणि माझं बोटभर उंचीचं सैन्य अजून पलंगावरच. फोम कापून, प्रत्येक शिपायाच्या मापाचा खळगा करून पेटी मीच बनवली. कोणाकडे शिकायला गेलो नाही. मापं अगदी चोख. फक्त मापं घेतली तेव्हा सेनापतीच्या हातात भाला नव्हता. तो नंतर चिकटवला, तोही मीच. आता झाकण लावलं की भाला मोडणार.

सुनंदा दारातून बघत होती.

"अहो, संत्री तणसात घालून दिल्लीले जातात, एक फुटत नाही. तुमचे शिपाई काहून फुटतीन?"

"हे काय फळं आहेत का वं? सैन्य आहे!"

"मंग सैन्याले सांगा, भाला खाली कर म्हणा."

शेवटी तिनंच संत्र्याची रिकामी पेटी आणली, तणस अंथरलं, सेनापतीला आडवं निजवलं. मी पेटी गदागदा हलवली. मोडावा अशी थोडी इच्छाही होती, इथं खोटं कशाला लिहू? भाला शाबूत!

पुण्यात कोणी विचारलं तर पद्धत माझीच, असं सांगायचं ठरवलं होतं. आत्ता पाहतो तर झाकणावर खडूनं ठळक लिहिलंय: 'सुनंदाबाईंनी भरली आहे. उलटी धरू नये.'