बर्कूकच्या तीन वेळा

बिझर्त, १२ ऑक्टोबर

प्रिय ओल्फा,

सलाम. तू आणि मोन्सेफ खुशाल असाल. सफाक्सची हवा माझ्या लेकाला मानवली का? इकडे बंदरावर सार्डिन मासळी भरपूर येतेय, माझा गुडघा आहे तसाच आहे, आणि तुझी मांजर बर्कूक मजेत आहे. जरा जास्तच मजेत.

काल तिला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. जिना चढताना धापा टाकायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तराजूवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, हिला किती वेळा खायला घालता?"

"तीन वेळा. वेळ चुकवत नाही."

"मोठ्या मांजरीला दोन वेळा पुष्कळ झालं, तेही मोजून. तीन वेळा कोणी सांगितलं?"

मी ऐटीत तुझा कागद काढला. नवा घरमालक मांजर ठेवू देत नाही म्हणून चार महिन्यांपूर्वी तिला माझ्याकडे सोडलंस, तेव्हा दिलेला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दर वेळी ताजे तीन मासे उकडायचे, एक तिला. शिळं अजिबात नाही.

बाईंनी तो दोनदा वाचला. "आणि उरलेल्या दोन माशांचं काय करता?"

"काय करणार? अन्न टाकवत नाही. हरिसाची तिखट चटणी आणि पाव घेऊन मीच खातो. अधूनमधून तिलाही देतो एखादा."

त्या हसायला लागल्या. "काका, हा कागद मांजरीसाठी लिहिलेलाच नाही."

घरी येईपर्यंत मी तुझ्यावर चिडलो होतो. म्हाताऱ्याला बनवलंस म्हणून. मग स्वयंपाकघरात बसलो आणि रडलो, ओल्फा. लपवण्यात अर्थ नाही. तुझी सासू गेल्यावर मी दिवसातून एकदा चहा आणि पावाचा तुकडा, एवढ्यावर होतो. कधी तेही नाही. चूल पेटवायची तर कोणासाठी, असं वाटायचं. मोन्सेफला फोनवर मात्र "आत्ताच जेवलो" म्हणायचो. त्याने विश्वास ठेवला. तू ठेवला नाहीस.

एक गोष्ट मात्र इतके महिने मी टाळत आलो. तुझ्या सासूला वर्ष झालं, त्या दिवशीच्या जेवणानंतर तू कुसकुसचं पातेलं घेऊन आलीस. आपल्याकडे शेजारणीचंही भांडं कोणी रिकामं परत करत नाही, आणि मी तुझं भरलेलं पातेलं तसंच तुझ्या हातात परत दिलं. शिवाय जिन्यात सगळ्यांदेखत म्हणालो, "तू परक्याची पोर. माझ्या जेवणाची उठाठेव तुला कशाला?" आठवड्याने तू मांजर घेऊन आलीस.

पोटच्या लेकीने याहून जास्त काय केलं असतं? मला माफ कर.

आजपासून बर्कूकला दोनच वेळा, मोजून. माझ्या तीन वेळा तशाच चालू आहेत. ईदला दोघं या. मासे मी उकडीन, पण कुसकुस तूच कर. या वेळी पातेलं पुसून खाईन.

तुझाच बाप,
मन्वर