कोपऱ्यातली कमान

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कॅमेऱ्याची कार्डं पोचली. चष्म्याच्या डबीत कापूस घालून पाठवायची तुझी तऱ्हा टपालवाल्यांना मानवलेली दिसते. एकही मोडलं नाही.

आनंदाची बातमी आधी. ब्रह्महृदय ताऱ्याजवळचा आपला तेजोमेघ पुरा झाला. माझ्या कॅमेऱ्याच्या फ्रेमांतून हायड्रोजनचा तांबडा आला, तुझ्या फ्रेमांतून ऑक्सिजनचा निळसर. दोन्ही थर एकमेकांवर बसवले आणि चित्र उभं राहिलं. या नव्या दुर्बिणी हातभर लांबीच्या, पण एका चौकटीत शेजारी शेजारी सहा चंद्र मावतील एवढं आकाश घेतात. कॅमेरेही नाव ठेवायला जागा नाही असे निघाले. आपल्या खगोल मंडळाने वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठासाठी आपलं चित्र निवडलं आहे. अध्यक्षांनी स्वतः फोन केला.

आता तुझी चूक. डाव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात एक फिकी कमान उमटली होती. कच्च्या चित्राचा छाप सोबत आहे, लाल पेन्सिलीने खूण केली आहे. काचेवरच्या धुळीची नोंद घ्यायला दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं असतं. ते ताणताना तू सुरकुती ठेवलीस. माझ्या एकाही फ्रेममध्ये ती नाही. एका यंत्रात दिसतं नि दुसऱ्यात दिसत नाही, तो यंत्राचा दोष. एकतीस वर्षं क्ष-किरण विभागात मी हेच शिकलो आणि हेच शिकवतो.

तुझ्या शेवटच्या अकरा रात्रींत ती कमान जास्त होती. त्या रात्री चित्रातून काढून टाकल्या, राहिलेलं दोन संध्याकाळ बसून पुसलं. कार्डं रिकामी करून परत पाठवत आहे, म्हणजे तुला पुन्हा वापरता येतील.

धांदरटपणा कमी कर. बाकी काम चांगलं आहे.

तुझा,
दादा

---

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

कार्डं उघडून पाहिली. खरोखरच रिकामी आहेत.

माझ्या संगणकात एवढ्या फ्रेमा मावत नाहीत म्हणून मी कार्डंच तुझ्याकडे पाठवते. तू जपून ठेवतोस असं आपलं ठरलं होतं. पुसण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं? अध्यक्षांचा फोन तू घेतलास, तेव्हा तो चालू होता ना?

सव्वीस वर्षं मी कपडे शिवते. आडवा धागा कुठे, उभा कुठे, सुरकुती कुठे पडेल, हे मला हात लावून कळतं. ते कापड मी लाकडी कड्यात ताणून, कडेने टाचून घेतलं आहे. त्यावर चिल्लर टाकलीस तर उडेल. तुझ्या दवाखान्यातल्या चादरी तशा असतात का, एकदा बघून ये.

आणि हे वाच. कमान मी जानेवारीतच पाहिली होती. दर रात्रीच्या फ्रेमांचं एक छोटं चित्र करून मी वहीत चिकटवते. सुरुवातीच्या रात्री ती चौकटीच्या कडेवर जेमतेम होती. मी दुर्बीण जराशी खाली वळवली, तेव्हा तारे वर सरकले आणि कमानही त्यांच्याबरोबर वर सरकली. पुढच्या अकरा रात्री मी तिच्यासाठीच बसले. तुला पत्रात लिहिलंही होतं, कोपऱ्याकडे लक्ष दे म्हणून. सुरकुती कापडाबरोबर राहते, दादा. ताऱ्यांबरोबर हिंडत नाही.

तुझ्या यंत्रात नाही म्हणून ती नाहीच! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

मुखपृष्ठ मागे घे. ते चित्र खोटं आहे.

वहिनीला नमस्कार. तुला या खेपेस नुसता रिवाजापुरता.

तुझी,
बहीण

---

१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र हिच्यासमोर वाचलं ही माझी चूक. दोन दिवस ती हसते आहे.

तुझा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. मुद्द्याला मुद्दा म्हणून उत्तर देतो. वहीत चिकटवलेली तळहाताएवढी चित्रं पुरावा होत नाहीत. आकाशाच्या त्या तुकड्याचे फोटो आजवर शेकडो लोकांनी काढले असतील. त्यांना दिसली नाही, मला दिसली नाही, आणि दुकानाच्या गच्चीवर बसलेल्या माझ्या बहिणीला तेवढी दिसली? माझ्याकडे रोज कोणीतरी फिल्म घेऊन येतो आणि डाग दाखवून म्हणतो, हा रोगच. दहांत नऊ वेळा रुग्णाच्या अंगावर बटण राहिलेलं असतं.

शिवणाऱ्या बाईला सुरकुती कबूल करणं जड जातं, हे मी समजू शकतो. पण म्हणून चित्र खोटं म्हणायचं? मुखपृष्ठ छपाईला गेलं आहे. मी ते मागे घेणार नाही. तूही मंडळाला परस्पर काही लिहू नकोस. चारचौघांत दोघांचं हसं होईल.

अकरा रात्रींचं मला वाईट वाटतं. तुझ्या झोपेचं खोबरं झालं.

प्रकृतीला जप, जिभेलाही.

दादा

---

२३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तुझ्या कॅमेऱ्यापुढे कोणता फिल्टर आहे? उत्तर एका शब्दात दे.

बहीण

---

३ मार्च

प्रिय वन्संस,
स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्यांच्याकडून यायचं, पण ते काही येईल असं दिसत नाही, म्हणून मी लिहिते. हायड्रोजन.

तुमचं पोस्टकार्ड आलं तेव्हा हे जेवत होते. एका ओळीच्या पत्राला काय उत्तर द्यायचं, असं म्हणाले आणि हात धुऊन उठले. मग घरात फिल्म बघायची ती जुनी प्रकाशपेटी आहे, तिच्यावर दोन्ही छाप ठेवले. तुमचा एक, ह्यांचा एक. पुन्हा पुन्हा दोन्हींकडे बघत होते. मी विचारलं, सापडला का दोष. म्हणाले, सापडला. मग आपण होऊन सांगायला लागले. कॅमेऱ्यापुढचा फिल्टर एकाच वायूचा उजेड आत सोडतो, आणि ते फिल्टर ह्यांनीच वाटून दिले होते. हायड्रोजनचा उजेड भरपूर, काम लवकर होतं, तो स्वतःकडे ठेवला. ऑक्सिजनचा उजेड क्षीण, रात्रीच्या रात्री बसावं लागतं, तो तुम्हाला दिला. एखादी गोष्ट नुसत्या ऑक्सिजनच्या उजेडात चमकत असेल, तर ती ह्यांच्या कॅमेऱ्यात जन्मात दिसायची नाही. तसं असताना हे दोन छाप शेजारी ठेवून, माझ्यात नाही म्हणजे तुझी चूक, असं म्हणत बसले. छातीच्या समोरून काढलेल्या फिल्ममधला डाग बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये दिसला नाही म्हणून खोटा ठरवणाऱ्या शिकाऊ पोरीला ह्यांनी गेल्या महिन्यात रडवलं होतं. तेही सांगितलं.

तेव्हापासून तीन पत्रं लिहून फाडली. पहिलं मी टोपलीतून काढून वाचलं. त्यात माफी शेवटच्या ओळीत होती आणि वर दीड पान उपदेश. फाडलं ते बरं केलं.

वन्सं, मी मध्ये पडत नाही. माझी डोकेदुखीही ह्यांच्या मते यंत्राचा दोषच असते, त्यामुळे मला तुमचा राग कळतो. पण एक विचारते. अशी गोष्ट दुसऱ्या दुर्बिणीतून दिसल्याशिवाय कोणी मानणार नाही, असं हे म्हणतात. ते तरी खरं ना? ह्यांनी नवा फिल्टर मागवला, तो यायला दोन महिने लागतील. तोवर तो भाग मावळतीला जाईल म्हणे.

मुलं मजेत. या बाजूला येणं झालं तर आमच्याकडेच उतरा, हे घरी नसतील ते दिवस कळवते.

तुमची,
वहिनी

---

८ मार्च

ती. दादास,
सा. न.

सोबत माझा ऑक्सिजनचा फिल्टर. डबी तीच आहे. तो पाठवल्यावर माझी दुर्बीण आंधळी झाली, हे लक्षात ठेव. चांगल्या हवेच्या रात्री मी हातशिलाई करणार आहे.

तुझ्या हाती हा देताना मला फार विचार करावा लागला. तू पुसलेल्या रात्रींनंतर मी आणखी तीन रात्री घेतल्या. ती कार्डं माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहतील. त्यांत कमान आहे, पण एकट्या माझ्या दुर्बिणीतून. तुझा नियम बरोबर आहे. तो तू मोडलास एवढंच.

अमावास्येच्या आसपास आठ रात्री मिळतील. एप्रिल लागला की ब्रह्महृदय खाली येतं आणि शहराच्या उजेडात तुला काही दिसायचं नाही. आता चुकलं तर सप्टेंबरपर्यंत थांबावं लागेल. तोवर तुझं पुसलेलं चित्र छापून घराघरांत जाईल, आणि मग मी काहीही दाखवलं तरी लोक ते मुखपृष्ठच पुढे करतील. म्हणून घाई आहे.

फ्रेमा जशा येतील तशा ठेव. हात लावू नकोस. नाही दिसली तर तसं लिही, मी ऐकून घेईन.

बहीण

---

२९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कमान आहे.

चार रात्री मिळाल्या, बाकीच्या ढगांत गेल्या. कापड मी ताणलंच नाही. धूळ आली तर येऊ दे म्हटलं. तरीही ती दिसली. तुझ्या छापावर मी लाल खूण केली होती, त्याच ताऱ्यांच्या मध्ये, तेवढ्याच लांबीची. दोन चंद्र शेजारी ठेवले तर जेवढं अंतर होईल, तेवढी. माझ्या आकाशात उजेड जास्त, म्हणून फिकी आहे. तुझ्या अकरा रात्री हाताशी असत्या तर कोणाला शंका घ्यायला जागा राहिली नसती. त्या मी घालवल्या.

अध्यक्षांना पत्र टाकलं. मुखपृष्ठ मागे घ्या, त्या चित्राचा कोपरा मी माझ्या हाताने पुसला आहे, असं लिहिलं. ते फोनवर बरेच चिडले. छपाई थांबवायला लागली. आता मंडळाच्या बैठकीत मला उभं राहून सांगायचं आहे. सांगेन.

फ्रेमा कार्डांवर आहेत तशा पाठवत आहे. फिल्टरही.

एक सुचवतो. नव्या तेजोमेघांच्या यादीसाठी शोधाची नोंद पाठवताना नावं वयाच्या क्रमाने घालावीत, म्हणजे वाद राहणार नाही. मजकूर मी तयार करतो.

हिने तुला पत्र लिहिल्याचं मला आज कळलं. काय लिहिलं ते ती सांगत नाही.

लोभ आटला असेल तरी थोडा मागतो.

दादा

---

६ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

कार्डं पोचली. चारही रात्री नीट आहेत. माझ्या तीन रात्रींवर तुझ्या चार बसवल्या, कमान कमानीवर बरोबर बसली. दुकान उघडायच्या आधी एकदा पाहिली, बंद केल्यावर पुन्हा पाहिली. त्या दिवशी एका बाईच्या दोन्ही बाह्या मी उजव्याच कापल्या.

वयाच्या क्रमाने म्हणतोस तर आधी कमानीचंच नाव घालावं लागेल. मजकूर तू तयार करू नकोस. मी केला आणि काल पाठवलाही. शोध म्हणून माझं नाव आहे. पडताळणी म्हणून तुझं. अकरा रात्रींच्या मूळ फ्रेमा नष्ट झाल्या, असंही लिहिलं आहे. कोणी नष्ट केल्या ते लिहिलं नाही. बैठकीत तू सांगणार आहेस, तेवढं पुरे.

तुझी कार्डं परत पाठवत आहे, भरलेली. प्रत माझ्याकडे आहे. मोठी डिस्क घेतली. यापुढे थर मी लावीन.

यादीवाले मानतील की नाही ते महिन्याभरात कळेल. आणखी फ्रेमा मागतील असं मला वाटतं. सात रात्री थोड्या आहेत. अठरा असत्या तर मी आज बिनघोर झोपले असते. हे लिहिताना पुन्हा राग आला, म्हणून मध्ये उठून पाणी पिऊन आले. गेला नाही.

सप्टेंबरात तो भाग मध्यरात्रीनंतर वर येईल. तेव्हा अकरा दिवसांची रजा काढ आणि इकडे ये. अकराही रात्री गच्चीवर तू बसायचंस, माझ्या दुर्बिणीशी, माझ्या पद्धतीने. वहिनी आली तर ती खाली माझ्याबरोबर झोपेल. पांघरूण तुझं तू आण. गच्चीवर खुर्ची एकच आहे आणि ती मी खाली नेणार आहे.

येण्याची तारीख कळव.

तुझी,
अजून न निवळलेली बहीण